रात्री गेट पुसट, मागची भिंत स्वच्छ: फिक्स्ड लेन्सचा फोकस फिरवावा का?

बी_विंग
सोसायटीच्या गेटवर बुलेट कॅमेरा आहे. ४ मेगापिक्सेल, आयपी म्हणजे नेटवर्कचा, पीओईवर चालणारा (वीज आणि चित्र एकाच केबलने), लेन्स ६ मिमी फिक्स्ड, एफ २.० (छिद्राचं माप, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). खांबावर साडेतीन मीटर उंचीवर बसवलाय, तिथून बूम बॅरिअर ८ मीटरवर. दिवसा चित्र उत्तम. रात्री आयआर, म्हणजे कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड, लागला की बॅरिअरपाशी उभ्या माणसाचा चेहरा मऊ दिसतो, गाडीची नंबरप्लेट वाचता येत नाही. गंमत म्हणजे मागे २५ मीटरवर पंपहाऊस आहे, त्याच्या भिंतीवर रंगवलेली अक्षरं रात्रीही वाचता येतात. बसवणारा म्हणतो फिक्स्ड लेन्सला फोकस नसतो, कॅमेराच बदला. खरंच नसतो का? नसेल तर ही भिंत कशी काय दिसते?

बाराव्होल्ट
असतो. 'फिक्स्ड' म्हणजे फोकल लेंग्थ (चित्र किती जवळ ओढायचं ते) कायम, ६ ची ४ करता येत नाही एवढंच. फोकस कारखान्यात लावून वर गोंदाचा थेंब टाकलेला असतो.

पण शिडी काढण्याआधी दोष फोकसचाच आहे ना ते बघा. दहापैकी सहा-सात तक्रारींत लेन्सला हात लावायची गरजच नसते. मोबाइल ॲपमध्ये बघून फोकस ठरवू नका. ॲप बहुतेक वेळा सबस्ट्रीम, म्हणजे हलक्या दर्जाचं चित्र, उघडतं, तो ६४० बाय ३६० च्या आसपास असतो, त्यात चांगला कॅमेराही पुसटच दिसणार. एनव्हीआरला (रेकॉर्डिंगच्या डब्याला) लावलेल्या मॉनिटरवर मेनस्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, पूर्ण स्क्रीनला घ्या. मग काळ्या वस्तू बघा, गाडीचं टायर, छत्री, काहीही. काळं काळंच आहे पण कडा मऊ, तर फोकस. काळंच राखाडी झालंय, सगळ्या चित्रावर ताकाचं पाणी ओतल्यासारखं, तर फोकस नव्हे. ती काच घाण आहे, कोळ्याचं जाळं आहे, नाहीतर आयआरचा उजेड आतल्या आत लेन्समध्ये शिरतोय.

तिसरं, थांबलेला माणूस स्वच्छ आणि चालणारा पुसट असेल तर तो शटरचा दोष. १/२५ सेकंदाच्या शटरला ताशी १० किमीने जाणारी गाडी ११ सेंमी सरकते. कितीही लेन्स फिरवा, ते जाणार नाही.

बी_विंग
काळं काळंच आहे. थांबलेला वॉचमनही मऊ दिसतो. प्लेट म्हणजे नुसता पांढरा चौकोन.

लोलक
मग चेहरा हा फोकसचा प्रश्न आणि प्लेट हा वेगळा. दोन्हींची गाठ मारू नका, नाहीतर प्लेट दिसेना म्हणून फोकस फिरवत बसाल.

गेट पुसट आणि दूरची भिंत स्वच्छ, ही खूण फार बोलकी आहे. लेन्स सगळ्या रंगांना एकाच जागी आणत नाही. ८५० नॅनोमीटरचा आयआर दृश्य प्रकाशापेक्षा किंचित मागे एकवटतो. म्हणजे दिवसा ज्या जागी लेन्स बरोबर बसली होती, तीच जागा रात्री सेन्सरच्या 'जरा जास्तच जवळ' ठरते. लेन्स सेन्सरच्या जवळ गेली की फोकस दूर जातो. म्हणून भिंत टिकली, गेट गेलं. आयआर करेक्टेड लेन्समध्ये काचा अशा निवडतात की हा फरक नगण्य राहावा. स्वस्त लेन्समध्ये तो राहतो.

उलट खूण असती, म्हणजे रात्री जवळ-दूर सगळंच सारखं वाईट, तर संशय फिल्टरवर गेला असता. सेन्सरपुढे आयआर कट फिल्टर असतो, संध्याकाळी 'टक्' आवाज करून बाजूला सरकतो. जाडी समजा ०.३ मिमी. काचेच्या पट्टीमुळे प्रतिमा जाडीच्या सुमारे एक तृतीयांश मागे जाते, म्हणजे ०.१ मिमी. फिल्टर हटला की तेवढी पुढे येते. ६ मिमी लेन्सला ०.१ मिमी म्हणजे अनंतावरचा फोकस थेट ३६ सेंमीवर! हे होऊ नये म्हणून फिल्टरच्या शेजारी तेवढ्याच जाडीची साधी काच असते, रात्री ती पुढे येते. ती निखळली किंवा तडकली तर रात्री काहीच धड दिसत नाही. फिरवून उपयोग नाही, फिल्टरचा अख्खा संच बदलावा लागतो. आणि दिवसा चित्र गुलाबी-जांभळं दिसायला लागलं तर फिल्टर बाहेरच अडकलाय. मेन्यूतून दिवस-रात्र पाच-सहा वेळा बदलून बघा, कधी कधी सुटतो.

रात्रपाळी
साधी गोष्ट आहे. रात्री आयरिस, म्हणजे लेन्सचं लहानमोठं होणारं छिद्र, उघडते, स्वच्छ दिसणारा पट्टा कमी होतो, म्हणून फोकस नेहमी रात्री करावा.

लोलक
सल्ला बरोबर, कारण चूक. बी_विंग यांची लेन्स एम१२ जातीची, तिला आयरिसच नसते. एफ २.० दिवसा आणि एफ २.० रात्री. उजेड वाढला की कॅमेरा शटर आणि गेन (चित्राचा उजेड इलेक्ट्रॉनिकली वाढवणं) बदलतो, छिद्र तेवढंच. आयरिसचं तुमचं म्हणणं डीसी आयरिस (आपोआप उघडझाप होणारी) असलेल्या व्हेरिफोकल, म्हणजे झूम बदलता येणाऱ्या, लेन्सला तंतोतंत लागू आहे.

रात्रपाळी
मान्य. डोळ्यासमोर बॉक्स कॅमेरे होते.

शिडीवाला
आता उघडायचं कसं ते.

लागणारं सामान: लहान चपटा आणि फुली स्क्रूड्रायव्हर, १.५ मिमीची ॲलन की, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातल्या काड्या, चष्म्याचं फडकं, मार्कर पेन, दोन सिलिका जेलच्या पुड्या. घामट बोटांनी लेन्स फिरत नाही आणि डाग पडतो तो वेगळा, तेव्हा रबरी हातमोजा घाला किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी लेन्सच्या कडेला गुंडाळा.

पुढची रिंग डावीकडे फिरवून काढा. काचेमागची ओ-रिंग कुठे पडते त्यावर लक्ष ठेवा, ती हरवली की पहिल्या पावसात पाणी आत. मग एलईडीची गोल पाटी दिसेल, तिच्या मधल्या भोकातून लेन्स डोकावते आणि लेन्सभोवती काळा स्पंज असतो. स्पंज अलगद काढून ठेवा. पाटी दोन स्क्रूंवर असते. तिची वायर चालू कॅमेऱ्यात उपटू नका, नुसती बाजूला लोंबू द्या. लेन्स फिरवायला जागा होते.

लेन्स आणि होल्डरच्या सांध्यावर पांढरट गोंद असेल तर तो हॉट ग्लू. कडेला अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, मिनिटभर थांबा, काडीने उचला, पापुद्रा निघतो. ॲसिटोन अजिबात नको, प्लास्टिकच्या होल्डरला तडे जातात. गोंद कडक आणि पारदर्शक असेल तर हेअर ड्रायरने लांबून थोडा शेक द्या. काही होल्डरना बाजूला बारीक ग्रब स्क्रू असतो, तो आधी अर्धा फेरा सैल करा. तो तसाच ठेवून पकडीने लेन्स फिरवली की आटे गेलेच म्हणून समजा.

फिरवण्याआधी लेन्सवर आणि होल्डरवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा. घाईत ही रेघ राहते, आणि मग परतीचा रस्ता राहत नाही.

लोलक
रेघेवरून मापाचं सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. एम१२ चे आटे अर्ध्या मिलिमीटरचे. पूर्ण फेऱ्याला लेन्स ०.५ मिमी पुढेमागे होते. ६ मिमी लेन्सचा फोकस अनंतावरून ८ मीटरवर आणायला ती फक्त ०.००४५ मिमी बाहेर यावी लागते. अंशांत सांगायचं तर सव्वातीन अंश.

घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. म्हणजे तुमचं काम अर्ध्या मिनिटाचं. लेन्सचं डोकं साधारण १४ मिमी व्यासाचं असेल तर एका मिनिटाला त्याची कड ०.७ मिमी सरकते, तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्या जाडीहूनही कमी. तेव्हा लेन्स 'फिरवू' नका, बोटाने नुसती रेटा. डावीकडे म्हणजे बाहेर, म्हणजे जवळचा फोकस. उजवीकडे दूरचा.

दोन पिक्सेलइतका, म्हणजे ०.००४ मिमी बिंदूचा पसारा चालेल असं धरलं तर एफ २.० ला चित्र चांगलं राहण्याचा पट्टा दोन्ही बाजूंना एकेक मिनिटाचा. एफ १.० चे जे रात्री रंगीत दाखवणारे कॅमेरे आलेत, त्यांचा याच्या निम्मा. त्यांची लेन्स जागेवर उघडणं शहाणपणाचं नाही.

त्याच हिशोबाने एफ २.० ला फोकस कुठे धरला की तिथपासून अनंतापर्यंत सगळं चालून जातं ते सांगतो: २.८ मिमीला १ मीटर, ४ मिमीला २ मीटर, ६ ला साडेचार, ८ ला ८, १२ ला १८ मीटर. फोकस या अंतरावर धरला की अलीकडे त्याच्या निम्म्यापर्यंतही ठीक दिसतं. म्हणून २.८ मिमीच्या घरगुती डोमला फोकसची तक्रार सहसा नसते. ती असलीच तर लेन्स हललेली असते किंवा काच खराब.

बी_विंग
८ मीटरवर निशाण काय ठेवू? आणि दिवसा करून ठेवलं तर? रात्री शिडीवर चढायला कमिटी परवानगी देईल असं वाटत नाही.

शिडीवाला
निशाण म्हणून ए४ कागदावर मध्यापासून फाकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांचं चक्र छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, बॅरिअरवर चेहऱ्याच्या उंचीला बांधा. छापायला काही नसेल तर वर्तमानपत्राचं मथळ्याचं पान. चक्रात मध्याकडचा जो राखाडी गोळा दिसतो, तो लहानात लहान होईल तिथे फोकस. छपाईच्या शाईबद्दल एक: काही रंगीत प्रिंटरचा काळा आयआरमध्ये फिका दिसतो. लेझर प्रिंटरचा काळा काळाच राहतो.

दिवसा करून भागणार नाही. एलडीआरवर, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर, काळी टेप लावली की कॅमेरा दुपारीही रात्रीच्या मोडमध्ये जातो, पण तेव्हा सेन्सरवर ऊन आणि आयआर यांची खिचडी पडते. नुसत्या ८५० चा फोकस कळत नाही. संध्याकाळी साडेसात-आठ बरं. चढणारा एक, मॉनिटरपाशी एक, दोघांत फोन. मॉनिटरवरचा गडी 'थोडं, थोडं, थांब' म्हणतो तेव्हा चित्र अर्धा ते एक सेकंद मागे असतं. इंटरनेटवरून बघत असाल तर दोन-तीन सेकंद. एकदा रेटा, हात काढा, तीन सेकंद थांबा, मग पुढचं. हात लावलेला असताना लेन्स आट्यांमध्ये किंचित कलते, तेव्हाचं चित्र धरू नका. सीसीटीव्ही टेस्टर (हातात धरायचा छोटा स्क्रीन) असेल तर शिडीवरच दिसतं, दुसरा माणूस लागत नाही.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत त्या तासापुरती शार्पनेस मध्यावर आणि नॉइज रिडक्शन शक्य तितकं कमी करा. नाहीतर सॉफ्टवेअर कडा रंगवतं आणि तुम्हाला वाटतं फोकस आला.

फोकसच्या टोकावर पोहोचलात हे ते ओलांडल्याशिवाय कळत नाही. बिघडेपर्यंत पुढे जा, परत या, पलीकडे बिघडवा, दोन्हींच्या मध्यावर ठेवा. मग दिवसाच्या मोडमध्ये टाकून टॉर्चच्या उजेडात तेच निशाण बघा. दोन्ही चालण्यासारखं असेल तर संपलं. नसेल तर रात्रीकडे झुकतं माप द्या, दिवसा थोडा मऊपणा चालतो.

रात्रपाळी
सगळ्यात सोपा उपाय कुणीच लिहिला नाही. कॅमेऱ्यात आयआरसोबत पांढरे एलईडी असतील तर ते चालू करा. फिल्टर जागेवर राहतो, दिवसाचाच फोकस रात्री लागू. गेटवर उजेड हवाच असतो.

बाराव्होल्ट
सहमत. पण समोरच्या घराच्या खिडकीवर पडत असेल तर भांडण पक्कं, शिवाय किडे, आणि किड्यांमागे कोळी.

तळकोकणी
पावसाळ्यात कॅमेरा उघडणाऱ्यांसाठी. दमट हवेत उघडून तसाच बंद केला की ती हवा आत कोंडते आणि पहाटे काचेवर आतून दव धरतं. लोक त्यालाही 'फोकस गेला' म्हणतात. सकाळी दहानंतर आपोआप बरा होणारा फोकस म्हणजे दव. जुन्या सिलिकाच्या पुड्या फेकून नव्या घाला, काच लावण्याआधी आतल्या भागाला ड्रायरची कोमट हवा द्या. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात. व्हॅसलीन नको, रबर फुगतं. आणि पाणी पुढून क्वचितच येतं, मागच्या केबलमधून जास्त. केबलला खाली झोल द्या, आरजे४५ चा जोड डब्यात हवा, उघड्यावर नको.

डोमवाल्यांनी घुमट काढून फोकस केला तरी शेवटची तपासणी घुमट लावूनच करायची. पॉलिकार्बोनेटचा घुमट स्वतःच किंचित भिंगासारखा वागतो, तिरक्या जागी जास्त. काळी स्पंजची रिंग घुमटाला टेकली पाहिजे. ती दबलेली किंवा फाटलेली असेल तर एलईडीचा उजेड घुमटावरून परतून लेन्समध्ये येतो आणि बाराव्होल्ट म्हणतात तसं ताकाचं पाणी दिसतं. घुमटावर आतून बोटाचा एक ठसा राहिला तरी रात्री तो ठसा दिव्यासारखा पेटतो.

गल्ला_नं_२
विषयाला धरूनच विचारतो. किराणा दुकानात २.८ ते १२ मिमीचा व्हेरिफोकल आहे, हाताने फिरवायचा. गल्ल्यावर झूम केला की धूसर, फोकस केला की झूम हलल्यासारखा वाटतो.

शिडीवाला
क्रम उलटा होतोय. व्हेरिफोकलमध्ये झूम हलवला की फोकस जातोच, ही त्या लेन्सची जात आहे, दोष नाही. खाली रबरी बूच काढलं की दोन स्क्रू दिसतात. टी-डब्ल्यू लिहिलेला झूमचा, एन-एफ लिहिलेला फोकसचा. डोममध्ये त्याजागी लेन्सवर दोन दांड्या असतात, त्याच लॉकचंही काम करतात. आधी झूम, हवी तेवढी चौकट घ्या आणि लॉक करा. मग फोकस. फोकस केल्यावर चौकट जराशी बदलते, तिच्या मागे लागू नका. लॉक आवळताना फोकस थोडा पळतो, म्हणून आवळून झाल्यावर परत बघा. बूच परत लावायला विसरू नका, दुकानातली पिठाची धूळ तिथूनच आत जाते.

डीसी आयरिस असेल तर भर उजेडात आयरिस मिटलेली असते आणि काहीही लावलं तरी चांगलंच दिसतं. रात्री दिवे कमी केले की पितळ उघडं पडतं. शटर हाताने १/१००० ला लावा, आयरिस नाइलाजाने उघडते, तेव्हा फोकस करा, मग शटर ऑटोवर. १२ मिमीच्या टोकाला ३ मीटरवरच्या गल्ल्याचा फोकस धरला तर स्वच्छ पट्टा पुढेमागे अर्ध्या मीटरचा. गिऱ्हाईक आणि मागचं कपाट दोन्ही मागू नका.

लोलक
बॉक्स कॅमेऱ्यात झूम-फोकस काहीही करून चित्रच येत नसेल तर ५ मिमीची रिंग तपासा. सी आणि सीएस या लेन्स बसवायच्या दोन पद्धती; सी माउंटला लेन्सच्या बैठकीपासून सेन्सर १७.५ मिमी लागतो, सीएसला १२.५. सीची लेन्स सीएस कॅमेऱ्यावर रिंग घालून चालते. सीएसची लेन्स सी कॅमेऱ्यावर चालत नाही.

बाराव्होल्ट
मोटरने फोकस होणाऱ्या लेन्सवाल्यांना एक ओळ: कॅमेऱ्याच्या वेब पानावर आधी लेन्स इनिशियलाइझ करा, मग ऑटो फोकस, आणि हे रात्रीच्या मोडमध्ये पुन्हा एकदा. पीटीझेड (फिरणारा, झूम होणारा कॅमेरा) पावसाच्या थेंबावर किंवा जाळ्यावर फोकस धरत असेल तर मेन्यूत किमान फोकस अंतर ३ मीटर किंवा जास्त करा.

बी_विंग
काल रात्री केलं. रेघेपासून डावीकडे साधारण एक मिनिट. चेहरा स्वच्छ आला, पंपहाऊसची अक्षरं जवळजवळ पहिल्याइतकीच स्वच्छ आहेत, दिवसाचं चित्रही ठीक. एका कोपऱ्यात, डावीकडे खाली, थोडं मऊ राहिलंय. आणि प्लेट अजून पांढरी.

लोलक
एकच कोपरा मऊ म्हणजे लेन्स सेन्सरला काटकोनात नाही. होल्डरचे दोन स्क्रू सैल असतील किंवा लेन्स आट्यांत हलत असेल. हलत असेल तर काढून आट्यांवर टेफ्लॉन टेपचा एकच वेढा द्या आणि परत बसवा. अर्थात फोकस पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यात झुडूपच असेल तर सोडून द्या.

प्लेटचा हिशोब: या कॅमेऱ्याचा सेन्सर ५.१ मिमी रुंद धरला तर ६ मिमी लेन्सला ८ मीटरवर चौकट ६.८ मीटर रुंद, म्हणजे मीटरला ३७५ पिक्सेल. कारच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिमी उंच, ते २४ पिक्सेल, पुरेसं. दुचाकीच्या पुढच्या प्लेटवर ३० मिमी, म्हणजे ११ पिक्सेल, आणि रात्री जागा वाचवायला दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) व्हिडिओत ते काठावर. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) आहे, ती आयआर सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकते, म्हणून पांढरा चौकोन. शटर १/२५० ते १/५०० आणि गेन कमी केला की अक्षरं येतात, पण चेहरे काळे होतात. एका कॅमेऱ्यावर रात्री दोन्ही जमत नाही. प्लेटला वेगळा, खाली बसवलेला, १२ मिमीचा कॅमेरा लागतो.

बी_विंग
कमिटीला हेच आकडे दाखवतो. मग आता लेन्सवर गोंद टाकून बंद करू का? सुपर ग्लू आहे घरात.

शिडीवाला
सुपर ग्लू मुळीच नको. त्याची वाफ बंद डब्यात काचेवर पांढरी साय धरते, ती पुसूनही नीट जात नाही. हॉट ग्लूचा एक थेंब किंवा नेलपेंटचा एक ठिपका, सांध्यावर, एकाच बाजूला. आणि तोही आज नाही. प्लास्टिकचा होल्डर दुपारच्या उन्हात फुगतो आणि लेन्स केसभर सरकते. स्पंज आणि काच लावून दोन दुपारी जाऊ द्या, दोन्ही दिवशी तीन वाजताचं आणि रात्री नऊचं रेकॉर्डिंग त्याच निशाणावर बघा. लाइव्ह नको, रेकॉर्डिंगच. चारही सारखी निघाली तर थेंब टाका.